कपाट अडकत नसल्याबाबत

कपाट अडकलं होतं, याबद्दल इमारतीत कोणाचंही दुमत नव्हतं. ते मुद्दाम अडकवलं होतं, यावर मात्र शेवटपर्यंत कोणाचा विश्वास बसला नाही. आणि या अडकवण्यामागे एका कॉम्प्युटर गेमच्या भल्याचा विचार होता, हे तर पंचनामेकाकांनी कोणाला सांगायचा प्रयत्नही केला नाही. त्यांना लोकांच्या आकलनशक्तीची कल्पना होती.

पंचनामे हे काकांचं आडनाव नव्हे. सगळी नोकरी त्यांनी एका विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात घालवली, त्यामुळे हे नाव त्यांना चिकटलं. चेपलेला फ्रिज, तडकलेला आरसा, वाटेत पाय मोडलेलं टेबल, असल्या वस्तूंभोवती एक प्रदक्षिणा घालून काका सांगत, की ही वस्तू पडून फुटली आहे, की फोडून मग पाडली आहे. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. घरात कप फुटला तरी "कोणी हात लावू नका" असा हुकूम सुटायचा, आणि पाहणी पूर्ण होईपर्यंत काकू झाडू घेऊन ताटकळत उभ्या राहायच्या.

अशा माणसाच्या एकुलत्या एका लेकीने चांगली नोकरी सोडून गेम बनवायला घ्यावा, हा नशिबाचा चावटपणा म्हणायचा. ज्या दिवशी तिने ही बातमी सांगितली, त्या दिवशी काकांनी जेवणाच्या टेबलावर प्रतिज्ञा केली. "जे खरं नाही, त्याला मी हात लावणार नाही." प्रतिज्ञा करायला सोपी असते. ती दोन साक्षीदारांसमोर केली की मग पंचाईत होते.

गेमचं नाव होतं 'हलवाहलव'. खेळणाऱ्याने एका घरातलं सामान उचलायचं, जिन्यावरून उतरवायचं आणि खाली उभ्या ट्रकमध्ये भरायचं, एवढीच गोष्ट. लेक आणि तिचा भागीदार, एक ताडमाड उंच आणि अत्यंत मितभाषी मुलगा, अशा दोघांनी तो खपून बनवला होता. सध्या तो काही हौशी खेळाडूंना चाचणीसाठी दिला होता. गेमच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं : 'यातली प्रत्येक वस्तू खऱ्या जगाच्या नियमांनी पडते, घसरते आणि फुटते.'

तुमच्याआमच्या दृष्टीने ही जाहिरात आहे. पंचनामेकाकांच्या दृष्टीने हा दावा होता. आणि दावा म्हटलं की पाहणी आलीच.

एका दुपारी काकूंनी घरच्या कॉम्प्युटरवर गेम उघडला आणि तो तसाच सोडून त्या बाजारात निघून गेल्या. हा विसरभोळेपणा होता की कट, याचा उलगडा काकांना आजवर झालेला नाही. काकू परतल्या तेव्हा काका पडद्याच्या इतके जवळ गेले होते, की चष्मा काचेला टेकायचा तेवढा बाकी होता.

"फुलदाणी फुटत नाही," ते म्हणाले.

"काय?"

"दुसऱ्या मजल्यावरून टाकली. चेंडूसारखी उसळली आणि परत खिडकीतून आत आली. हा काय प्रकार आहे?"

तक्रारींसाठी एक पान होतं. चाचणी खेळाडूंनी काही बिघाड दिसला तर तिथे कळवायचा. बाकीचे खेळाडू 'खुर्ची हवेत तरंगतेय, हाहा' अशा भाषेत कळवत. काकांनी 'निरीक्षक' असं टोपणनाव घेतलं आणि मनगट मोकळं करून लिहिलं :

'विषय : फुलदाणी अपेक्षेनुसार न फुटण्याबाबत. महोदय, सदर फुलदाणी चिनी मातीची असल्याचे रंगावरून दिसते. सबब ती फुटणे क्रमप्राप्त होते. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.'

उत्तर आलं : 'यात बिघाड नाही. हे असंच अपेक्षित आहे.'

काकांनी ते वाचलं आणि त्यांचे कान लाल झाले. 'दावा अमान्य' हे दोन शब्द त्यांनी आयुष्यभर इतरांना लिहिले होते. ते स्वतःला आल्यावर कसे लागतात, याचा अनुभव नव्हता. माणसाने सगळे अनुभव घ्यावेत म्हणतात, पण ते म्हणणारे लोक बहुधा स्वतः घरी बसलेले असतात.

मग काका पेटलेच. रोज दुपारी जेवण झालं की पडद्यासमोर बैठक. 'विषय : गादीच्या वर्तनाबाबत. घडी केलेल्या गादीवर पाय दिला असता इसम उडून समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेला. त्यास खाली उतरवण्याची कोणतीही तरतूद नाही.' 'विषय : भरलेली व रिकामी बादली समान वजनाची असल्याबाबत.' यातल्या काही तक्रारी मान्य व्हायच्या, आणि त्या दिवशी काका शीळ घालत फिरायचे. पण बहुतेकांना तेच उत्तर यायचं. हे असंच अपेक्षित आहे.

रात्रीच्या जेवणाला लेक टेबलावर डोकं धरून बसायची.

"एक निरीक्षक नावाचा प्राणी आहे," ती म्हणाली. "जीव नकोसा केलाय. गादीच्या वर्तनाबाबत लिहितो! गादीवरून उडता येतं म्हणून तर लोक खेळतायत."

"असेल एखादा अभ्यासू माणूस," काका पाण्याच्या ग्लासात बघत म्हणाले.

"अभ्यासू कसला, रिकामटेकडा असणार. बायको घरात बोलू देत नसेल, म्हणून आमच्याकडे येतो."

काकूंना जोराचा ठसका लागला. काकांनी त्यांच्या पाठीवर जरुरीपेक्षा थोडं जास्तच थोपटलं.

"गंमत म्हणजे बाकीचे खेळाडू त्याच्या तक्रारी वाचायला म्हणून त्या पानावर येतात," लेक पुढे म्हणाली. "आता तर गेम बाजारात आणणाऱ्या कंपनीच्या बाईंनीही वाचल्यात. या आठवड्यात त्या होय की नाही ते सांगणार आहेत. नाही म्हणाल्या, तर आमचं दुकान बंद. मी परत नोकरी शोधायची."

काकांचा घास हातातच राहिला. खरं सांगायचं तर लेकीने परत नोकरी धरावी, असं त्यांना वर्षभर वाटत होतं. पण आता ते वाटेना. गेममध्ये एक ढळढळीत चूक शिल्लक होती, आणि ती अजून त्यांच्याखेरीज कोणाच्या लक्षात आली नव्हती. शेवटच्या घरात एक भलंमोठं लाकडी कपाट होतं. जिन्याच्या वळणावर ते कठड्यातून आरपार जायचं. अगदी अलगद जायचं, म्हणून कोणाला दिसत नसे. पण एवढं कपाट एवढ्या वळणावरून जाणं शक्य नाही, हे काका झोपेतही सांगू शकले असते. उद्या गेम बाजारात गेला आणि कोणी याकडे बोट दाखवून हसलं, तर हसू कोणाचं होणार?

दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं : 'विषय : कपाट अडकत नसल्याबाबत.'

उत्तर आलं : 'आम्ही पुन्हा तपासलं. कपाट वळणावर नीट वळतं. पुरावा असेल तर व्हिडिओ पाठवा.'

आता कोणीही शहाणा माणूस पडद्याचा व्हिडिओ काढून पाठवेल. पण काका पडले पाहणी करणारे. पडद्याचा व्हिडिओ म्हणजे आरोपीचीच साक्ष! पुरावा कसा हवा? खरं कपाट, खरा जिना, खरं वळण. आणि योगायोगाने घरात काकूंचं कपाट होतं. लग्नानंतर घेतलेलं, चार पायांचं, एखाद्या खोलीएवढं. ते जिन्यातून येणार नाही म्हणून त्या वेळी दोर लावून गॅलरीतून दुसऱ्या मजल्यावर घेतलं होतं.

"ते वळणावर वळणार नाही, हे तुम्हाला माहीत आहे?" काकूंनी विचारलं.

"शंभर टक्के."

"आणि तरी नेणार?"

"अडकणं हाच तर मुद्दा आहे," काका म्हणाले. "वळणापर्यंत न्यायचं, अडकतंय हे दाखवायचं, तू मोबाइलवर टिपायचं, आणि परत घरात."

योजनेत खोट अशी एकच होती. जी वस्तू नीट अडकते, ती परत घरातही येत नाही. पण उत्साहाच्या भरात एवढी बारीक गोष्ट कोणाच्या लक्षात येते?

मदतीला तिसऱ्या मजल्यावरचे दंतवैद्य आले. घरातच दवाखाना असलेला, आडव्या बांध्याचा, हौशी माणूस. खुर्चीवरच्या रुग्णाला त्यांनी नुकतंच इंजेक्शन दिलं होतं. "तोंड बधिर होईपर्यंत मी मोकळाच आहे," असं म्हणत त्यांनी बाह्या सरसावल्या आणि कपाटाची पायांकडची बाजू धरून ते उलटे जिना उतरू लागले. कपाट रिकामं करावं असं काकूंनी सुचवलं होतं. पण गेममधलं कपाट भरलेलं असल्याने काकांनी ते तत्त्वतः फेटाळलं.

दुसऱ्या आणि पहिल्या मजल्याच्या मधल्या वळणावर कपाट आडवं झालं. दंतवैद्यांनी एक हिसका दिला. काहीतरी करकचून वाजलं, आणि कपाटाचे दोन पाय कठड्याच्या गजांत जाऊन बसले.

"पाहा!" काका वरून ओरडले. "अडकलं! घेतलंस का गं व्हिडिओत?"

"घेतलं आणि पाठवलंसुद्धा," काकू म्हणाल्या.

"आता वर ओढू या."

त्यांनी ओढलं. दंतवैद्यांनी ढकललं. मग दंतवैद्यांनी ओढलं आणि काकांनी ढकललं. कपाट अडकतं, हे सिद्ध झालं. जरा जास्तच सिद्ध झालं.

आवाजाने इमारत गोळा झाली. अडकलेली वस्तू बघितली की माणसाच्या अंगात इंजिनिअर संचारतो. तळमजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई तेलाची बाटली घेऊन आल्या आणि "घर्षण कमी करा" असं सांगत त्यांनी सगळी बाटली कठड्यावर ओतली. त्यामुळे घर्षण खरंच कमी झालं. कपाट वीतभर घसरलं, आधीपेक्षा घट्ट बसलं, आणि आता कठड्याला कोणाचा हात ठरेना. कोणी म्हणालं कठडा कापा, कोणी म्हणालं कपाट कापा. काकूंनी त्या दुसऱ्याकडे असं बघितलं, की तो पुन्हा काही बोलला नाही.

तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे सेक्रेटरी आले. त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं.

"जिना हा सामाईक भाग आहे. सामाईक भागात खाजगी वस्तू ठेवायची, तर अर्ज लागतो."

"ठेवली नाही हो, अडकली आहे!"

"मग तर समितीसमोर जावं लागेल. अडकण्याचा अर्ज आपल्याकडे नाही."

ज्या माणसाने जन्मभर लोकांना अर्जाशिवाय दारात उभं केलं नाही, त्याला हे ऐकावं लागलं. काकांना जे उत्तर सुचलं, ते मुख्याध्यापिकाबाईंसमोर बोलण्यासारखं नव्हतं.

दरम्यान वर दंतवैद्यांचा रुग्ण वाट बघून कंटाळला आणि गालावर हात धरून खाली आला. आता डॉक्टर कपाटाच्या खालच्या बाजूला आणि रुग्ण वरच्या. कपाटाखाली एक तिरकी फट होती, पण दंतवैद्यांच्या बांध्याला ती पुरणार नव्हती. रुग्णाने परिस्थिती नीट न्याहाळली, बधिर तोंडाने काहीतरी लांबलचक सांगितलं आणि दोन्ही हात वर केले. सगळ्यांना वाटलं, बिचारा शरण आला. त्याला पायरीवर बसवण्यात आलं.

आणि मग खालून धावत पावलं आली. लेक आणि तिच्यामागे उंच भागीदार. तिच्या हातातल्या मोबाइलवर तोच व्हिडिओ चालू होता. निरीक्षकाचा पुरावा म्हणून तिने तो ऑफिसात मोठ्या पडद्यावर लावला, आणि तिला दिसला आपला जिना, आपलं कपाट, आणि "घेतलंस का गं" म्हणणारा आपला जन्मदाता.

ती पायरीवर गुडघे टेकून वाकली आणि फटीतून वर बघू लागली. वरून काका वाकले. बापलेकीची अशी समोरासमोर भेट बऱ्याच दिवसांनी होत होती.

"निरीक्षक तुम्ही?"

काकांनी घसरलेला चष्मा वर सरकवला.

"तुम्ही तर म्हणाला होतात, हात लावणार नाही."

"हात नाही लावला. माउस लावला."

"किती घरं खेळलात?"

"सगळी," काका खाली बघत म्हणाले. "शेवटचं दोनदा. ते गॅलरीतून पियानो उतरवायचं... ते चांगलं जमलंय."

लेकीचा चेहरा क्षणभर विरघळला. मग तिला काहीतरी आठवलं आणि तो पुन्हा ताठ झाला. "बाबा, कंपनीच्या बाईंचा निरोप आलाय. त्या म्हणतात, तुमच्या त्या निरीक्षकाचं कपाटाबद्दल समाधान झालं, असं त्याने स्वतः लिहिलं, की मी होय म्हणते. फक्त एवढं लिहा. आत्ता. मोबाइल देते फटीतून."

गेमचं कोणाला काही कळत नव्हतं, पण बापाने लेकीसाठी एक ओळ लिहायची आहे, एवढं सगळ्यांना कळलं. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "लिहा हो, लिहा." सेक्रेटरीसुद्धा मान डोलवू लागले.

काकांनी मोबाइल हातात घेतला. पडद्याकडे बघितलं. लेकीकडे बघितलं. आणि मोबाइल परत केला.

"कपाट कठड्यातून आरपार जातंय, तोवर समाधान झालं असं मला लिहिता येणार नाही."

"माझ्यासाठीसुद्धा नाही?"

"तुझ्यासाठी आहे म्हणूनच नाही," काका म्हणाले. "दुसऱ्या कोणाचा गेम असता, तर फुलदाणीलाच सोडून दिला असता मी. तुझ्या कामाला कोणी उद्या खोटं म्हटलेलं मला चालणार नाही."

लेकीने खांद्यावरची पिशवी पुढे ओढली. ती खालच्या पायरीवर बसली, मांडीवर लॅपटॉप उघडला आणि गेममधलं ते वळण शोधून काढलं. बराच वेळ बोटं चालत राहिली. मग थांबली. भागीदार तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्या दिवसातलं आपलं पहिलं वाक्य तो बोलला. "कठडा नुसता दिसायलाच आहे."

"वळणावरचा तेवढा तुकडा घन करायचा राहिला," लेक हळूच म्हणाली. मग फटीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "बाबा, तुमचं बरोबर होतं. बिघाड आहे."

वास्तविक हा काकांच्या विजयाचा क्षण. पण वळणावर कपाट, तेलकट हात, मागे बधिर रुग्ण, अशा अवस्थेत विजय साजरा कसा करायचा, हे त्यांना सुचेना. ते नुसतं "हं" म्हणाले.

कठडा घन झाला. आता लेकीच्या डोक्यात भलतीच कल्पना आली. भागीदाराने टेपने जिना मोजला, वळण मोजलं, कपाट मोजलं, दंतवैद्यांना बाजूला सरकायला सांगून त्यांच्यामागची भिंतही मोजली. तिने ते सगळं जसंच्या तसं गेममध्ये उभं केलं आणि चाचणी खेळाडूंना पाठवून दिलं : 'निरीक्षकाचं कपाट खरोखर अडकलंय. सोडवा.'

"आपलं कपाट पोरं सोडवणार? खेळून?" काका म्हणाले.

"तुमचे सगळे अनुभवी लोक तेल ओतून मोकळे झाले ना?" काकू म्हणाल्या. मुख्याध्यापिकाबाईंनी बाटली पदराआड घेतली.

कुठकुठले खेळाडू तुटून पडले. लॅपटॉपवर एकेकाचा प्रयत्न दिसू लागला, आणि जिन्यातली मंडळी आपलं कपाट असंख्य तऱ्हांनी आपटताना बघू लागली. एकाने ते खिडकीतून फेकलं. एकाने गादी लावून उडवलं, ते गच्चीवर गेलं. सेक्रेटरी म्हणाले, गच्चीही सामाईक भाग आहे. काकूंना बघवेना, पण त्या बघत राहिल्या.

आणि मग एकीने ते सोडवलं. ओढलं नाही, ढकललं नाही. तिने कपाटाचं पायांकडचं टोक उचलत उचलत कपाट सरळ डोक्यावर उभं केलं. पाय गजांतून अलगद सुटले. मग ते तसंच वर घेतलं.

"उतरवायचं सामान वर?" काका उसळले. "कोणी ऐकलंय का कधी असं?"

"बाबा."

"नाही, मी आपलं पद्धत म्हणून..."

"बाबा, टोक धरा."

खालून भागीदार आणि दंतवैद्यांनी उचललं. वरून काका आणि रुग्णाने सावरलं. कपाट डोक्यावर उभं राहिलं, पाय सुटले, आतले कपडे एकमेकांवर कोसळल्याचा आवाज आला, आणि कपाट शहाण्या बाळासारखं वर निघालं. "मी तेच सांगत होतो," तोंडात नुकतीच जान आलेला रुग्ण म्हणाला, "वर घ्या म्हणून." त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

वर गेलंच आहे, तर घरातच जाऊ दे, असं ठरलं. काकूंनी मात्र सगळ्यांना दारात थांबवलं. कपाटाच्या जागेवर इतकी वर्षं झाडू पोचला नव्हता, ती संधी त्या सोडणार नव्हत्या.

हात धुऊन काका कॉम्प्युटरसमोर बसले. शेवटचं घर उघडलं. कपाट जिन्यावर आणलं, वळणावर नेलं, जोर लावला. ते हललं नाही. पुन्हा लावला. नाही. मग त्यांनी तक्रारींच्या पानावर लिहिलं : 'सदर कपाट आता अत्यंत समाधानकारकरीत्या अडकते. तक्रार मागे घेत आहे.'

कंपनीच्या बाईंनी होय म्हटलं. गेम बाजारात आला तेव्हा त्यात एक नवीन जिना होता. तळाशी तेलाची बाटली घेतलेल्या एक बाई, मधे अर्ज मागणारे एक गृहस्थ, आणि वरच्या पायरीवर चष्मा लावून हात हलवणारा एक माणूस. लोकांना तो जिना फार आवडला. काकांनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा म्हणाले, की चष्म्याची दांडी चुकली आहे.

आता काका रोज सकाळी नव्या तक्रारी वाचतात. उघडपणे वाचतात, प्रतिज्ञा रीतसर मागे घेतली आहे. एके दिवशी एका अनोळखी खेळाडूची तक्रार आली :

'जिन्यातल्या वरच्या म्हाताऱ्यात काहीतरी बिघाड आहे. सारख्या सूचना देतो, कोणाचं ऐकत नाही. कितीही ढकललं तरी जागचा हलत नाही. आणि कपाट सुटलं की म्हणतो, मी म्हटलंच होतं. असा माणूस खऱ्या जगात असतो का? दुरुस्त करा.'

काकांचे कान लाल झाले. 'विषय : म्हाताऱ्याच्या वर्तनाबाबत' असं मनात येऊन ते खरमरीत उत्तर लिहायला सरसावले. तर खाली उत्तर आधीच आलं होतं. लेकीचं.

'यात बिघाड नाही. हे असंच अपेक्षित आहे. आम्हाला असंच हवं आहे.'

काकांनी ते वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून, अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात ते ओरडले,

"अगं ए, ऐकलंस का! दावा अमान्य झाला!"